चालू यंत्रे : तीन

रिक्षातून उतरले आणि फाटकापाशीच थबकले. कारखाना चालू होता.

नुसता चालू नव्हता, दणदणत होता. आठच्या आठ प्रेस पत्रा कापत होत्या आणि पायाखालची जमीन हलत होती. फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण, पायरीशी रांगोळी, आणि एरवी ज्या फळ्यावर पाळीची वेळ लिहिलेली असे त्यावर रंगीत खडूनं ‘सुस्वागतम्’. त्याखाली मोर. मोर बरा जमला होता.

“या, या, बेहेरेबाई!” अण्णा मगदूम पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीत पुढे आले. कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. “कसं वाटतंय?”

“अण्णा, हे काय करून ठेवलंत?”

“का ओ? मोर न्हाई आवडला?”

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, पुण्यात कॉस्ट अकाउंटंट होते, आणि जगातलं सगळं खरं कुठल्या ना कुठल्या तक्त्यात बसतं असं मला मनापासून वाटत असे. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत दाराच्या बिजागऱ्या करणारे चार कारखाने होते. बाहेरून जहाजानं येणारी बिजागरी इथे ज्या भावाला विकली जात होती, त्या भावात या चौघांना बिजागरीचा नुसता पत्रासुद्धा पडत नव्हता. आपल्या देशात महाग विकायचं आणि दुसऱ्याच्या अंगणात पडेल भावानं आणून ओतायचं, याला म्हणतात डम्पिंग. त्यावर सरकार जादा आयातकर बसवू शकतं, अँटी-डम्पिंग ड्युटी. पण मागितली आणि मिळाली असं होत नाही. माल पडेल भावानं येतोय हे सिद्ध करावं लागतं, आपल्याला इजा झाली हे सिद्ध करावं लागतं, आणि ती त्याच मालानं झाली, आपल्या आळसानं नाही, हेही. कायद्यात शब्दच तो आहे, इजा.

ती इजा मी एकशे ऐंशी पानांत मांडली होती. चौघांत मोठा कारखाना अण्णांचा, म्हणून त्यांचे आकडे सगळ्यात पुढे. पान बावीसवर स्वच्छ लिहिलं होतं : एकूण यंत्रे आठ, चालू यंत्रे तीन. उरलेल्या पाचांवर प्लास्टिक टाकलेलं होतं, त्यांची माणसं घरी बसली होती. आणि आज अकरा वाजता दिल्लीहून तपासणी अधिकारी येणार होते, ते एवढंच पाहायला, की बाईंनी लिहिलंय ते खरं आहे का.

“अण्णा, ते आपली इजा बघायला येताहेत,” मी कपाळावर हात मारून म्हटलं. “इजा! आणि तुम्ही वरात काढलीय.”

“असं कसं बोलतायसा?” अण्णांना खरंच वाईट वाटलं. “पोरगी बघाय पावणं आले तर फुटका कप पुढं करताव व्हय आपण?”

“आज फुटका कपच पुढे करायचाय.”

“छे, छे. तुमचा अनुभव कमी हाय.” अण्णांनी मला समजावणीच्या सुरात घेतलं. “चाळीस वर्षं मी सरकारी मानूस बघतोय. शाळा तपासायला आला की पोरं भरून दाखवायची. ब्यांकेचा आला की माल भरून दाखवायचा. रिकामं दिसलं की त्यो लिहितो ‘बंद’, अन् बंदला कोन काय देत न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई.”

त्यांचा अनुभव खरा होता. आतापर्यंत आलेला प्रत्येक सरकारी माणूस भरलेलं बघून खूश होऊन गेला होता. रिकामं बघायला दिल्लीहून कुणी तिकीट काढून येईल, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. मी ती तीनदा पत्रानं आणि चारदा फोनवर सांगितली होती, आणि दर वेळी ते “व्हय, व्हय, बघतो की” म्हणाले होते. हे असं बघणार होते ते.

मी शेडमध्ये डोकावले. पन्नासच्या वर माणसं. धुतलेले शर्ट, तेल लावलेले भांग. आठ जण प्रेसवर, दहा-बारा जण पिना घालायला, आणि बाकीच्यांना कामच नव्हतं, पण कुणी बसून नव्हतं. कुणी धुतलेली भिंत पुन्हा पुसत होता. दोघं जण एक लाकडी पेटी उचलून या टोकाहून त्या टोकाला नेत होते, आणि थोड्या वेळानं तीच पेटी परत आणत होते.

“सगळ्यांना बोलावलंत?”

“आली की सगळी.”

“आणि एवढा पत्रा कुठून आणलात?”

“मेव्हण्याचा कपाटांचा कारखाना हाय. चार दिसांच्या बोलीवर आणलाय.”

“अण्णा, आत्ताच्या आत्ता पाच यंत्रं बंद करा. प्लास्टिक टाका. माणसांना मागच्या दारानं—”

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तपासणीला येणारा माणूस वेळेवर येत नाही. तो लवकर येतो.

बोरकुटे साहेब मूळचे गोंदियाकडचे, नोकरीनं दिल्लीवासी झालेले. किडकिडीत, पन्नाशीचे, हातात एक कापडी पिशवी आणि काखेत माझी एकशे ऐंशी पानं. अण्णांची बायको, चंपाक्का, ओवाळायला ताट घेऊन पुढे झाल्या तसे ते दोन पावलं मागे सरले.

“नाही जी, ओवाळणं नको. नियम आहे.”

“मग च्या तरी?”

“चहा पण नाही.”

“जेवायला हुग्गी केलीया साहेब, खपली गव्हाची खीर,” चंपाक्का अजून आशा धरून होत्या.

“माझा डबा आहे.” त्यांनी कापडी पिशवी दाखवली.

चंपाक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे सगळं मीच शिकवून आणलंय. “पावणा डबा घिऊन येतोय,” त्या आत जाता जाता म्हणाल्या, “काय दीस आल्यात.”

मी धीर करून पुढे झाले. “सर, आज इथे जरा वेगळी परिस्थिती आहे, मला आधी दोन मिनिटं—”

“मॅडम, तुम्ही शेवटी.” आवाजात राग नव्हता, नुसता नियम होता. “तुमचं सगळं यात आहेच. आधी कारखानदार बोलतील, मग माणसं. तुम्ही मधात बोलू नका.” मग अण्णांकडे वळून त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, “काय मगदूमसाहेब, कसं काय चाललंय?”

अण्णा हसले, हात जोडले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उत्तर दिलं.

“देवाच्या कृपेनं एकदम झकास!”

बोरकुट्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ‘झकास’ हा शब्द सरकारी टिपणीत कसा लिहितात, हे मला आजही ठाऊक नाही.

पुढचा दीड तास मी मुकाट्यानं मागे चालत होते आणि एकशे ऐंशी पानं एकेक करून पाण्यात जाताना बघत होते. साहेब प्रत्येक यंत्रापाशी थांबत, मोजत, विचारत.

“तुमचं नाव?”

“भीमराव कोरे.”

“किती वर्षं झाली इथं?”

“अठरा, साहेब.”

“रोज येता?”

भीमरावनं अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी छताकडे पाहिलं. “रोजच की साहेब. इतवारी सुट्टी.”

सात नंबरवाला म्हणाला, काम इतकं आहे की मान वर करायला सवड नाही. सहा नंबरवाल्यानं तर ओव्हरटाइमची तक्रार केली. पुण्यात मी इंग्रजीतून ‘परिणामी कामगारकपात’ असं एक प्रकरण लिहिलं होतं, ते प्रकरण इथे शर्टाची बटणं लावून उभं होतं आणि आपण भरल्या घरी नांदतोय असं शपथेवर सांगत होतं. साहेब शेवटी भिंतीशी उभे राहिले आणि पेटीकडे बघू लागले.

“ही पेटी,” ते म्हणाले, “चौथ्यांदा चालली.”

पेटीवाले दोघे जागच्या जागी थबकले. न्यावी का आणावी हे त्यांना कळेना.

“मी डबा खाऊन घेतो,” साहेब म्हणाले. “मग टिपण लिहू, मगदूमसाहेब सही करतील, मी निघतो. उद्या मला दुसरीकडे जायचं आहे.”

ते ऑफिसात गेले आणि मी अण्णांना हाताला धरून पत्र्याच्या गोदामात नेलं. मी तशी सौम्य बाई आहे. त्या दिवशी नव्हते.

“ऐका. ते टिपणात लिहिणार, आठ यंत्रं, आठही चालू. तुम्ही खाली सही करणार. मग दिल्लीत म्हणणार, यांना तर काहीच झालेलं नाही, हे खोटं रडतात. अर्ज बाद. तुमचा एकट्याचा नाही, चौघांचा. ड्युटी विसरा. वर्षभरात ते शेजारचे तिघं शटर ओढतील, आणि तुम्हीही. आत ही जी धुतलेले शर्ट घालून उभी आहेत ना माणसं, त्यांना पुन्हा इथे बोलवायला तुमच्याकडे कारखानाच उरणार नाही.”

अण्णा पत्र्याच्या गठ्ठ्यावर बसले. इस्त्रीची त्यांनी पर्वा केली नाही, तेव्हा मला कळलं की आत्ता शिरलं.

“मग तुमी सांगा त्यास्नी.”

“मी सांगून चालणार नाही. पाहिलंत ना? तुम्ही बोलायला हवं. तुमच्या तोंडानं.”

“काय बोलू?”

“की हे आजच्यापुरतं आहे. खरं म्हणजे बंद आहे.”

अण्णांनी खिशातली पेनं काढून पुन्हा लावली. मग म्हणाले, “बाई, ह्या तोंडातनं ‘बंद’ कवा गेलं न्हाई. वडील वारले त्या दिवशीबी कुणी इचारलं तर बरं चाललंय म्हनलो हुतो. घरात चंपाला अजून म्हाईत न्हाई. तिला म्हनलोय, मानसं गावाकडं शेतीच्या कामाला गेल्यात.”

“वर्षभर शेतीच्या कामाला?”

“ती इचारत न्हाई.”

मला त्यांचा इतका राग आला होता आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटत होतं, की मी नुसती त्यांच्या शेजारी पत्र्यावर बसले.

ऑफिसात साहेबांचा डबा संपत आला होता. अण्णा समोर जाऊन उभे राहिले, घसा खाकरला. मी दारात.

“साहेब, खरं सांगायचं तर...”

“बोला.”

“खरं सांगायचं तर... ती भाजी गार झाली असंल. गरम करून देऊ?”

“नको, नको.”

अण्णांनी पुन्हा दम घेतला. “म्हंजे असं हाय साहेब, की धंद्यात कसं, चढउतार...”

“उतार आहे?” साहेबांनी पेन उचललं.

“तसा उतार न्हवं. चढच म्हना. पर कमी चढ.”

मी दाराच्या चौकटीवर डोकं टेकलं. आता मुसळच केरात गेलं होतं. साहेबांनी डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला, आणि टिपण लिहायला घेतलं. दहा मिनिटांनी त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तारीख, पत्ता, उपस्थित. मग, “प्रत्यक्ष पाहणीत एकूण यंत्रे आठ. पैकी चालू यंत्रे आठ.” त्यांनी माझ्या अर्जाचं बाविसावं पान शेजारी उघडून ठेवलं होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. “इथे सही.”

अण्णांनी खिशातलं एक पेन काढलं. टोपण काढलं. कागदावर टेकवलं. पेनातून एक ठिपका उमटला, तो मोठा होत गेला, आणि सही काही सुरू होईना.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“साहेब, जरा शेडमधी चला.”

ते पुढे, साहेब वही घेऊन मागे, मी त्यांच्या मागे. अण्णा थेट शेवटच्या टोकाला, आठ नंबरपाशी गेले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण खाली ओढलं. प्रेस दोनदा आपटली आणि थांबली. भीमराव कोरे हात वर घेऊन तसाच उभा राहिला.

“आठ नंबर,” अण्णा म्हणाले. “हे गेल्या साली गणपतीच्या आधी बंद झालं. ह्याच्यावर भीमराव. आज बोलावलंय म्हणून आलाय. एरवी गवंड्याच्या हाताखाली जातोय.”

“गवंडी न्हवं अण्णा,” भीमराव हळूच म्हणाला, “सेंट्रिंग.”

“सेंट्रिंगला जातोय.”

साहेबांनी वही उघडली. अण्णा पुढच्या यंत्राकडे गेले. बटण खाली.

“सात नंबर. दिवाळीत बंद झालं. ह्यो शिवगोंडा. दूध गोळा करतोय, सायकलवर.”

“मोटारसायकल घेतली, अण्णा.”

“कवा?”

“झाले दोन म्हैने.”

“बरं केलंस.” बटण खाली. “सहा नंबर. ह्यो गजानन, आता लग्नाच्या बँडात हाय. काय वाजवतोस रं?”

“ढोलकं, अण्णा. ट्रम्पेट शिकालोय.”

कुणीतरी हसलं. अण्णाही थोडे हसले, आणि पाच नंबर बंद केलं. मग चार. एकेक यंत्र थांबत गेलं तसा शेडमधला आवाज खाली आला. आता बोलायला ओरडावं लागत नव्हतं, म्हणून अण्णांचा आवाजही खाली आला होता. चंपाक्का गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणी पाहिलं नाही. सगळं ऐकत होत्या.

“चार नंबर. होळीला बंद केलं. ह्या मानसाला मी जा म्हणून सांगितलं त्या दिवशी त्यानं जायच्या आधी मशीन पुसून तेल घालून ठेवलं. म्हणून आज सुरू झालं.”

पाच बंद. तीन चालू. पान बावीस. मी भिंतीला टेकले. आपण वाचलो होतो. लाज गेली होती, पण अर्ज वाचला होता, आणि माझ्या मते त्या क्षणी तेवढं पुरेसं होतं.

अण्णा तीन नंबरपाशी गेले आणि त्याचंही बटण खाली ओढलं.

“अण्णा!” मी न राहवून म्हणाले. “बास. ती तीन चालू आहेत. खरी चालू आहेत.”

“न्हाईत, बाई.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “तीन नंबर एप्रिलात बंद झालं. तुमचा कागद मार्चपातूरचा हुता, तवा चालू हुतं. कागदात खोटं न्हाई.” त्यांनी दोन नंबरही थांबवलं. “हे जूनमधी.”

“मी दर महिन्याला फोन करत होते. दर महिन्याला तुम्ही तीन म्हणालात.”

“म्हनलो की. काय करू? तुमी एवढ्या आशेनं इचारत हुतासा. एक म्हनायला लाज वाटली.”

वर्षभर या माणसाची इजा मी दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत मोजत बसले होते, आणि ती दर महिन्याला माझ्या कानाशी येऊन, नमस्कार करून, बरं आहे म्हणून जात होती. मला तिथे, सगळ्यांसमोर, रडू आलं. पुण्याच्या माणसाला ते शोभत नाही, पण आलं.

अण्णा एक नंबरकडे वळले. त्यावर हुसेन जमादार होते, कारखान्याचे पहिल्या दिवसापासूनचे मिस्त्री. अण्णांचा हात सवयीनं बटणाकडे गेला. इतकी बंद केल्यावर हेही करून टाकावं, अशा काहीशा तंद्रीत ते होते. जमादारांनी वरच्यावर त्यांचं मनगट धरलं.

“ह्याला हात लावू नगा. हे खरं हाय.”

ती एकच प्रेस चालत राहिली. साहेब मान खाली घालून लिहीत होते. मग ते म्हणाले, “सात नंबरची दिवाळी. गेल्या वर्षीची ना? तारीख सांगा.” अण्णांनी तारीख सांगितली. “सहा नंबर?” तीही सांगितली. सातही तारखा त्यांना पाठ होत्या. वही बघावी लागली नाही.

ऑफिसात परत येऊन साहेबांनी जुनं टिपण फाडलं, तुकडे पिशवीत घातले, नवं लिहिलं. अण्णांनी या वेळी न थांबता सही केली. “एप्रिलपासूनचे आकडे पंधरा दिवसांत पाठवा, मॅडम,” साहेब मला म्हणाले. “आणि फोनवर विचारून नका पाठवू. येऊन बघा जी.”

चंपाक्कांनी त्यांच्यापुढे गुळाची वाटी सरकवली. “पानी पिता न्हवं? नुसतं पानी देत न्हाईत आमच्यात.”

साहेबांनी गुळाच्या खड्याकडे पाहिलं. “गूळ नियमात कुठे लिहिलेला नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी तो तोंडात टाकला.

गाडी गेल्यावर चंपाक्का अण्णांसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता होतंय भांडण. “शेतीच्या कामाला,” त्या म्हणाल्या. “भीमरावच्या घरी शेती हाय व्हय? एक गुंठा न्हाई. मला काय येडी समजलासा?” मग मागे वळून शेडकडे ओरडल्या, “हुग्गी खाल्ल्याबिगर कुणी जायाचं न्हाई! साठ मानसांची केलीया!” हुग्गी साठ माणसांची का केली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सुनावणी दिल्लीत झाली, आठ महिन्यांनी. एका लांब टेबलाच्या एका बाजूला आमचे चार कारखानदार आणि मी, दुसऱ्या बाजूला आयात करणारे व्यापारी आणि त्यांचे वकील. वकील चांगले होते, निष्कारण मोठ्यानं बोलत नव्हते. त्यांनी आमची इजा नाकारलीच नाही. उलट ती मान्य केली आणि तिचाच दोर करून आमच्या गळ्यात टाकला. “हे उद्योग केव्हाच संपलेत,” ते म्हणाले. “आठात एक यंत्र चालू. उरलेली गंजली असणार. माणसं पांगली. उद्या कर बसवलात आणि माल थांबला, तर देशातल्या दारांना बिजागरी कोण पुरवणार? मेलेल्याला औषध देऊन काय उपयोग?”

याला माझ्याकडे तक्ता नव्हता. अण्णा शेजारी बसले होते, त्यांना भाषा कळली नाही पण सूर कळला, आणि ते टेबलाखाली आपली बोटं चोळत बसले.

अध्यक्षांनी तपासणीचा अहवाल उघडला, पानं उलटली, आणि एका ठिकाणी थांबून शांतपणे वाचलं. त्या ओळींची मी नंतर नक्कल मागवून घेतली, म्हणून अजून पाठ आहेत. ‘एरवी बंद असलेली सातही यंत्रे तपासणीच्या दिवशी अधोस्वाक्षरीकारासमक्ष चालू स्थितीत होती व सुबक माल देत होती. काढून टाकलेले सर्व कुशल कामगार एका निरोपावर हजर झाल्याचे दिसून आले.’ खाली सही, बोरकुटे. आमच्या सगळ्या फजितीचा त्यांनी शेऱ्यात पुरावा करून टाकला होता. वकिलांनी पुढचा मुद्दा घेतला, पण पहिल्या मुद्द्याकडे ते परत गेले नाहीत.

अखेरचा निकाल त्यानंतर तीन महिन्यांनी आला. पाच वर्षांसाठी कर बसला. मी अण्णांना फोन लावला.

“अण्णा, लागली! पाच वर्षं!”

पलीकडे काही क्षण नुसती एक प्रेस ऐकू येत होती. मग ते म्हणाले, “थांबा, जमादारला सांगतो.” फोन तसाच ठेवून गेले. परत आले तेव्हा धापा टाकत होते. मग मी त्यांना त्या दिवशी दिल्लीत अध्यक्षांनी काय वाचलं होतं, ते मराठी करून सांगितलं. सगळे कामगार एका निरोपावर हजर. तुमच्या त्या वरातीनंच वाचवलं आपल्याला, असंही म्हणाले.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अण्णा? ऐकताय ना?”

“ऐकतोय की,” ते म्हणाले. “पर बाई, तेवढं एक खोटं हाय बगा. मी सगळ्यास्नी निरोप कुठं धाडला हुता? मशीनला एक, असं सात जणांस्नी सांगितलं हुतं. बाकीची चाळीस त्यांच्याकडनं ऐकून आपली आपन आलती.”